साखरेची हद्दपारी

एखाद्या बाईला धक्का द्यायचाच असेल तर निदान तिला आधी खाली बसू द्यावं. मी उभी होते. एका हातात मटारची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलमधून आमचे हे, म्हणजे ग्रुप कॅप्टन रघुनाथ घाटगे, 'आज यायला उशीर होईल' असं सांगावं त्याच आवाजात सांगत होते, "चित्रा, माझ्या रक्तात साखर निघाली. बरीच निघाली. बरं, गाडीत पेट्रोल आहे का?"

पेट्रोलचा साखरेशी काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण हवाई दलातल्या माणसाला वाईट बातमी नुसती देता येत नाही, त्याला शेवटी एक प्रश्न जोडावा लागतो. मटार तिथेच सांडले. ते सोफ्याखालून अजून अधूनमधून निघतात.

मी घाबरले, हे सरळच सांगते. माझ्या सासऱ्यांना साखर होती. 'गोड खाऊन कोणी मेलंय का' असं म्हणत त्यांनी ती अंगावर काढली, आणि शेवटी पायाची जखम भरेना म्हणून गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. त्यानंतर सासूबाई किती तरी वर्षं एकाच पायाचा मोजा धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. मी नवी सून होते. तो एकटा मोजा दिसला की मी माझे कपडे दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घालायचे. आणि आता त्यांचाच मुलगा मला पेट्रोल विचारत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणजे स्क्वाड्रन लीडर आश्लेषा कर्वे. नाशिकची मुलगी, वयाने आमच्या मुलीपेक्षा, ईश्वरीपेक्षा, फार तर पाचसहा वर्षांनी मोठी. एवढ्याशा मुलीच्या हातात आपला नवरा द्यायचा, हा पहिला धक्का. दुसरा धक्का तिचा उपाय. गोळी रोज, चालणं रोज, अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ किंवा उसळ आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. संपलं. "तीन महिन्यांनी परत तपासू सर. उतरली तर उत्तम. नाही उतरली तर इन्सुलिनचा विचार करावा लागेल."

मी बाहेर आले ती चिडूनच. एवढा मोठा आजार आणि एवढा किरकोळ उपाय? सर्दीलासुद्धा आमच्या सांगलीत याहून जास्त सांगतात. मी मनाशी ठरवलं, डॉक्टरीणबाईंची अर्धवट योजना मी पुरी करणार. तीन महिन्यांत या माणसाची साखर उतरवून दाखवली नाही तर नाव लावणार नाही.

त्याच संध्याकाळी घरातून साखर हद्दपार झाली. पाठोपाठ ह्यांच्या ताटातून बटाटा, मैदा, पांढरा भात, केळी, चिकू आणि साबुदाणा. एकदा हात सुटला म्हणून मी तेल आणि मीठही जवळजवळ बंदच केलं. हे खुर्चीत बसून बघत होते. त्यांचा चेहरा एखाद्याचं सामान जप्त होत असल्यासारखा झाला होता.

आम्ही चंदीगड विमानतळाजवळच्या एरोसिटीत भाड्याने राहतो. सरकारी घर मिळेपर्यंत, असं आल्या दिवसापासून म्हणतोय. आम्ही वर आणि खाली घरमालकीण बलजीत ढिल्लन. वयाने माझ्याएवढीच, आवाजाने दुप्पट. तिला बातमी कोणी सांगितली देव जाणे. मी कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरत होते आणि ती चढत होती.

"चित्रा! भाईसाब को शुगर? लो जी, शुगर भी कोई बीमारी है! हमारे सरदारजी को कब से है. सुबह परांठा, रात को परांठा, बिलकुल फिट."

"डॉक्टर ने मना किया है, बलजीत."

"डॉक्टर तो बच्ची है. और मीठा एकदम बंद नहीं करते, हौसला टूट जाता है बंदे का." असं म्हणून तिने माझ्या हातात डबा ठेवला. आत पिन्न्या होत्या. उडदाचं पीठ, साजूक तूप, सुका मेवा आणि साखर यांचे हे लाडू एका हातात दोन मावत नाहीत. "सर्दियों की हैं. एक सुबह, एक शाम. कल बताना कैसी लगीं."

इथे मी थक्क झाले ती आजपर्यंत. मधुमेह झाल्याचं कळल्यावर पंजाबी माणूस समाचाराला येतो तो मिठाई घेऊन येतो.

बागेत तर सल्ल्यांची जत्राच भरली. हे फिरायला जायचे आणि मी त्यांच्यामागून लक्ष ठेवायला. सोसायटीचे अध्यक्ष बन्सलजी हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी ह्यांना थांबवून कारल्याचा रस सांगितला, आणि तो उभ्याने प्यायचा की बसून यावर दोन म्हाताऱ्यांचं भांडण लावून दिलं. तिसऱ्याने जांभळाच्या बिया सांगितल्या. चौथ्याने दवावर अनवाणी चालायला सांगितलं, तेही डिसेंबरातल्या चंदीगडात. मी सगळं केलं. म्हणजे करवून घेतलं. अनवाणी चालून ह्यांना पडसं झालं तेवढं सोडलं तर कशानेही काही झालं नाही.

खरी पंचाईत झाली ती ज्वारीची. पाव ताट भाकरी म्हटलं की ती ज्वारीची, हे आम्हाला सांगावं लागत नाही. मी आमच्या मार्केटमधल्या किराणा दुकानात गेले आणि ज्वारीचं पीठ मागितलं. दुकानदाराने माझ्याकडे नीट बघितलं. "जी, डंगर कितने हैं?"

"क्या?"

"मतलब भैंस-वैंस. ज्वार तो जी डंगर खाते हैं. चारा चाहिए तो मंडी से मँगवा दूँ?"

माझी आज्जी, माझी आई, माझं अख्खं सासर-माहेर त्या माणसाने एका वाक्यात गोठ्यात नेऊन बांधलं. मी तशीच बाहेर आले. मग सांगलीला बहिणीला, लतिकाला, फोन केला. ती म्हणाली, "अगं, पाच किलो दळून कुरिअर करते, त्यात काय."

त्यात काय, हे आठवड्याने कळलं. पीठ इंडस्ट्रियल एरियातल्या कुरिअरच्या गोदामात अडकलं. लतिकाने बाहेर 'घरगुती वस्तू' एवढंच लिहिलं होतं, पिशवी कोपऱ्यात फाटली होती आणि आतून पांढरी पूड सांडत होती. सीमेजवळचा मुलूख, पांढरी पूड म्हटली की इथे माणसं दोन पावलं मागे होतात. गोदामातल्या साहेबांनी मला खुर्चीही दिली नाही.

"मॅडम, ये क्या है?"

"आटा है. ज्वारी का."

"आटा चंडीगढ़ में नहीं मिलता? आटा कोई दो हज़ार किलोमीटर से मँगवाता है?"

प्रश्न बिनतोड होता. मी सांगलीच्या ज्वारीवर व्याख्यान सुरू केलं, तर ते म्हणाले, लॅबचं सर्टिफिकेट आणा. कुठली लॅब, तर ते त्यांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते सुटीवर होते. शेवटी माझं डोकं फिरलं. मी फाटक्या कोपऱ्यात हात घातला, मूठभर पीठ काढलं आणि त्यांच्यासमोर तोंडात कोंबलं. कच्चं पीठ टाळ्याला चिकटलं, मला ठसका लागला, नाकातून पांढरा धूर निघाला आणि गोदामातले चारही जण ओरडत बाहेर पळाले. ग्रुप कॅप्टनची बायको, वाइव्ह्ज असोसिएशनची माजी सेक्रेटरी, चंदीगडच्या औद्योगिक वसाहतीत नाकातून पीठ काढत उभी होती. पाणी प्यायले, जिवंत राहिले, हे बघून त्यांनी पार्सल सोडलं.

बलजीतला हे कळल्यावर तिने जीभ चावली. "मुझे बोलना था! मुल्लांपुर में काली कनक मिलती है. शुगर की दुश्मन." काली कनक म्हणजे काळा गहू. ती मला स्वतःच्या गाडीत घालून मुल्लानपूरला घेऊन गेली. शेतं आणि अर्धवट बांधलेले टॉवर यांच्यामधून आम्ही ज्या घरी पोहोचलो तिथला गहू संपला होता. पण परतीच्या रस्त्यावर गुऱ्हाळ लागलं. तो वास! मी सांगलीची आहे. रसाच्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि बलजीतने तेवढ्यात सुंठ-बडीशेप घातलेल्या गुळाच्या ढेपा गाडीत भरल्या.

"अगं, गूळ नहीं चलता इनको!"

"गुड़ में शुगर कहाँ, गुड़ में तो गुड़ होता है," ती म्हणाली. काळा गहू आणायला गेलेल्या आम्ही डिकीभर गूळ घेऊन परत आलो.

आता इथे मला माझ्या कष्टांबद्दल दोन शब्द बोलू द्या, कारण दुसरं कोणी बोलत नाही. ह्यांचं जेवण मी वेगळं करायचे. दुधी उकडून, त्यात मेथीदाण्यांची पूड, कडुनिंबाची पानं वाटून, वर जवसाची भुकटी. ही झाली भाजी. कधी दुधीच्या जागी कारलं, कधी दोन्ही. सोबत भाकरी आणि बिनफोडणीची डाळ. समोर ठेवलं की हे घास घेत, थोडं थांबत, खिडकीबाहेर एखादं विमान उतरत असेल तर ते पूर्ण उतरेपर्यंत बघत आणि मग पुढचा घास घेत. पण ताट स्वच्छ. बोटाने पुसलेलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या पुरणपोळीलासुद्धा त्यांनी कधी इतका न्याय दिला नव्हता. माझा ऊर भरून यायचा.

हे झालं ह्यांचं. उरलेल्या घराचं काय? ईश्वरी युनिव्हर्सिटीत शिकते. ती घरी येते ती मोबाईल चार्ज करायला. "मम्मा, मैं डाएट पे हूँ यार," हे तिचं मराठी. आणि घरात तर गोडाचा पूर आलेला. दिवाळीचा उरलेला फराळ. माझ्या आंबेमोहोर तांदळाचं पोतं. डिकीभर गूळ. त्यात लग्नसराई सुरू झाली. इथे लग्नाचं आमंत्रण येतं ते मिठाईच्या डब्यात बसूनच येतं. डबा उघडला की आत पत्रिका दिसायला आधी बर्फीचा एक थर संपवावा लागतो. मग लोहडी, म्हणजे इथली संक्रांत, आली, तिळाची गजक आणि रेवड्या आल्या. मग बलजीतचा गाजरहलवा, पातेल्याने. आणि दर वेळी जिन्यात तिचा प्रश्न ठरलेला, "कैसा लगा?"

खोटं मला बोलता येत नाही आणि अन्न टाकवत नाही. आमच्या आईने ताटात शीत राहिलं तर उठू दिलं नाही. कोणी म्हणेल, वाटून टाकायचं. कोणाला वाटणार? खाली बलजीत, तिनेच दिलेलं. समोर बन्सल, त्यांच्याच पुतणीच्या लग्नातलं. कामवालीला दिलं तर ती म्हणाली, "दीदी, हमारे यहाँ भी कोई नहीं खाता, सबको शुगर है." तेव्हा मीच ते थोडं थोडं संपवायला घेतलं. खाण्यासाठी नाही, संपवण्यासाठी. ह्यांच्या वाटची पिन्नी चहाबरोबर, ह्यांच्या वाटचा हलवा दुपारी, ह्यांच्या वाटचा भात माझ्या भातावर. एखाद्याने आजारी माणसाची सेवा करावी तरी किती? चहात गूळ घालायचे, कारण साखर तर घरात नव्हतीच.

जानेवारीत मला थकवा यायला लागला. तहान तर विचारू नका. रात्री उशाशी तांब्या आणि मग सारखं उठणं. चंदीगडची कोरडी थंडी, त्यात हीटर, दुसरं काय होणार? वजनही उतरलं. बलजीत म्हणाली, "चित्रा, तू तो स्मार्ट हो गई." मी म्हटलं, नवऱ्याच्या काळजीने बायको वाळतेच.

फेब्रुवारीत ह्यांची तपासणी झाली. आश्लेषाने रिपोर्ट उघडला तेव्हा मी देवाचं नाव घेत होते, आणि डोळ्यांसमोर दोरीवरचा तो मोजा होता. तिने वर बघितलं आणि हसली. साखर उतरली होती. चांगली, घसरगुंडीवरून उतरावी तशी. "एक्सलंट, सर! इन्सुलिनचं नावच नको."

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन रडले. मोठ्याने रडले. एक कॉर्पोरल धावत येऊन विचारून गेला की पेशंट गेला का. हे माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि म्हणत होते, "चित्रा, अगं हळू. चल घरी. पेट्रोल आहे."

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण घरी आल्यावर मी ती बलजीतला सांगितली, आणि बलजीतला सांगितलेलं काहीही संपत नाही. संध्याकाळपर्यंत ठरलं की पुढच्या रविवारी बागेत मधुमेह शिबिर, डॉक्टर आश्लेषा तपासणार आणि मुख्य वक्त्या मिसेस चित्रा घाटगे, विषय: 'मैंने पति की शुगर कैसे उतारी'. मी नको नको म्हणत होते आणि मनात कुठली साडी नेसायची ते ठरवत होते.

बागेत मांडव घालायला परवानगी लागते. बन्सलजी आणि मी त्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, कार्यक्रम कोणत्या प्रकारचा? विवाह, धार्मिक की शोक?

"स्वास्थ्य," मी म्हटलं.

"स्वास्थ्य का कॉलम नहीं है जी. कंप्यूटर नहीं लेगा."

पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या बन्सलजींनी त्या माणसाशी वाद घातला नाही. अशा प्रसंगी काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचार करून शोक नाकारला, विवाह नाकारला आणि धार्मिक टाकलं. मी समाधानाने घरी आले. धार्मिक टाकल्याचा अर्थ काय होतो, हे मला रविवारी सकाळी कळलं.

मी जरीची साडी नेसून मांडवात पोहोचले तर एका बाजूला मोठी कढई चढलेली. छोले, पुऱ्या, आणि पिंपभर खीर.

"बलजीत! ये क्या है? डायबिटीस का कॅम्प है!"

"पर परमिशन तो धार्मिक की है ना," ती म्हणाली. "धार्मिक प्रोग्राम से लोग भूखे जाएँगे? रब से डर. और सुन, खीर चख के बता, मीठा ठीक है?"

मी चाखली. गोड कमी आहे असं तोंडातून निघून गेलं, तेव्हा तिने आणखी साखर ओतली आणि मला परत चाखायला लावली. मग आणखी एकदा. वर 'बोलना है, ताकत चाहिए' म्हणून हलव्याची वाटी हातात दिली. लोकांसमोर वाटी परत कशी करणार?

मांडव भरला होता. पहिल्या रांगेत हे, पाठ ताठ करून. मी बोलायला उभी राहिले आणि खरं सांगते, बरी बोलले. संयम म्हणजे काय, जिभेवर ताबा म्हणजे काय, घरातली बाई मनात आणेल तर काय करू शकते. दर पाच मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं, तेवढा वेळ मी हात जोडून थांबायचे, त्यामुळे भाषणाला वजनच आलं. बायका माना डोलावत होत्या. दोघींनी डोळे पुसले.

मग आश्लेषाने बोट टोचून साखर मोजायचं ते छोटं यंत्र काढलं आणि म्हणाली, कोण आधी येतंय? कोणी हलेना. शेतं कसणारे, ट्रक चालवणारे, पलटणीत नोकरी केलेले धिप्पाड सरदारजी एकमेकांच्या पाठीमागे सरकायला लागले. सुईला घाबरत होते. माझ्या अंगात अजून भाषण होतं. मी पुढे झाले, हात लांब केला आणि माईकवर म्हटलं, "देखिए, कुछ नहीं होता!"

आश्लेषाने बोट टोचलं. यंत्राने टिक टिक केलं. तिने आकडा बघितला आणि यंत्र झटकन पदराआड करावं तसं तळहाताखाली लपवलं. पण बन्सलजी माईक घेऊन तिच्या खांद्यावरून बघतच होते. लग्नांत आहेर पुकारायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आहे.

"मिसेस घाटगे," ते गरजले, "तीन सौ ग्यारह!"

नेमकं विमान गेलं. कोणाला ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी, विमान गेल्यावर, जास्त जोरात सांगितलं. "तीन सौ ग्यारह! ज़ोरदार तालियाँ!"

मांडवाने टाळ्या वाजवल्या. बलजीतने शिट्टी मारली. टाळ्या वाजवत नव्हते ते फक्त दोघं, आश्लेषा आणि हे. हे उभे राहिले होते. त्यांचा चेहरा मी बघितला. मी व्हरांड्यात रडत होते त्या आधीच्या तीन महिन्यांत माझा चेहरा असाच असला पाहिजे.

"मॅम," आश्लेषा हळूच मराठीत म्हणाली, "बोटाला काही गोड लागलंय का?"

"हलवा," मी म्हटलं. मला एकदम आशा वाटली. बोटालाच असेल! तिने साबणाने हात धुवायला लावले, पुसले, दुसरं बोट टोचलं. आकडा सातने कमी झाला.

"तहान लागते का फार? रात्री उठावं लागतं? थकवा? वजन?"

प्रत्येक प्रश्नाला मी चंदीगडची हवा म्हणत गेले आणि प्रत्येक उत्तराला माझा आवाज लहान होत गेला. ती म्हणाली, एवढ्यावर शिक्का मारायचा नाही, उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये यायचं. मग तिने विचारलं, घरात सगळे एकच जेवण जेवता ना? पहिल्याच भेटीत तिने आम्हाला सांगितलं होतं की वेगळा स्वयंपाक करू नका, सगळ्यांनी हेच ताट घ्या. हे मी वर लिहायला विसरले. ऐकायलाही बहुधा विसरले होते.

पुढचं शिबिर माझ्याशिवाय पार पडलं. लोक टोचून घ्यायला रांगेने आले, कारण तीनशे अकराच्या वर कोण जातो याची चुरस लागली होती. कोणी गेलं नाही. मग सगळ्यांनी खीर खाल्ली. माझ्यासाठी बलजीतने डबा भरला आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा, तो परत घेतला. "चित्रा, मैंने ही खिलाया ना तुझे," एवढंच म्हणाली आणि डोळ्याला ओढणी लावून रडायला लागली. तिचं सांत्वनही मलाच करावं लागलं.

घरी आलो. ह्यांनी दार उघडलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी लोकांना जिभेवरचा ताबा शिकवून आले होते. लाज कुठे ठेवू असं झालं होतं, आणि लाजेखाली भीती होती, ती तर बोलताच येत नव्हती. ह्यांनी मी सकाळी करून ठेवलेली भाजी गॅसवर गरम केली, भाकरी काढली आणि टेबलावर दोन ताटं मांडली. दोन्ही सारखी.

"बस," म्हणाले. "उद्या लॅब काय सांगेल ते सांगेल. आजपासून दोघं एकच."

मी बसले. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि घास घेतला.

देवा. आधी काहीच चव लागली नाही. मग कडू लागलं. मग ते कडू घशात उतरलं आणि तिथून परत वर आलं. दुधीचा लगदा जिभेवर बसला होता आणि जवसाची भुकटी दातांत. गोदामातलं कच्चं पीठ याच्यापुढे पक्वान्न होतं. मला कळेना की गिळू की उठू.

"अहो, मीठ द्या जरा. डॉक्टरांनी पार बंद केलंय का तुमचं?"

"डॉक्टरांनी नाही. तू."

त्यांनी मीठ पुढे सरकवलं. स्वतः नेहमीसारखं जेवत होते, घास, थोडं थांबणं, पुन्हा घास.

"हे तुम्ही रोज खात होता? तीन महिने?"

"हो."

"आणि एकदाही बोलला नाहीत? ताटात टाकायचं तरी! मी समजले असते."

त्यांनी भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं.

"टाकलं असतं तर ते तू खाल्लं असतंस," ते म्हणाले. "ते मला बघवलं नसतं."